वही एक, कारणे तीन

परवा देवळाली प्रवरेच्या बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. केसांत पांढरे डोकावू लागलेले, बरोबर शाळकरी मुलगी. वाकून नमस्कार करीत म्हणाला, ‘‘सर, माझी वही कधी पुरी का होत नव्हती, ते आता कळलंय. तो मंत्रचळ होता. उपचार घेतोय, बरा आहे.’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. माझी मान मात्र खाली गेली.

१९९२ साली तो माझ्या सातवीच्या वर्गात होता. एक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. कागदाला भोक पडेपर्यंत हेच. मी त्याला आळशी ठरवले, छडीही मारली. वडील साखर कारखान्यात रात्रपाळीला जात. अक्षर वाकडे राहिले तर वाटेत त्यांना अपघात होईल, असे त्याला वाटे. हे खरे नाही, हेही त्याला समजत होते; तरी हात थांबत नव्हता. बारा वर्षांचे पोर आपल्या परीने बापाचा जीव वाचवीत होते आणि मी त्याला छडी मारीत होतो!

त्याच वर्गात आणखी दोन वह्या अर्धवट असत. खिडकीजवळची एक मुलगी दोन ओळी लिहून हरवून जाई. पेन्सिल कुठे ठेवली, गृहपाठ काय दिला, काहीच आठवत नसे. दुसरा मुलगा एस.टी.च्या गाड्यांचे वेळापत्रक क्रमाने लिहीत बसे. जागा बदलली की कासावीस होई, घंटा वाजली की कान झाकी. गाड्या लिहिताना मात्र चेहऱ्यावर समाधान असे.

तिन्ही वह्यांवर माझा लाल शाईतला शेरा एकच : ‘अपूर्ण’.

निदान करणे हे तज्ज्ञाचे काम, माझे नव्हे. पण आज वाटते, त्या मुलीला एडीएचडी म्हणजे अवधानाची अस्थिरता असावी. हे मूल नेहमी उड्याच मारते असे नाही. पुष्कळदा ते गप्प, स्वप्नाळू असते, आणि मुलींच्या बाबतीत म्हणूनच ते लक्षात येत नाही. दुसऱ्याला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असावी. आणि मंत्रचळ म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ओसीडी. मंत्र चुकला की माणसाला चळ लागतो, या जुन्या समजुतीतून आपल्याकडे हा शब्द आला.

मग ओळखायचे कसे? वागणे वरवर सारखे दिसले, तरी त्यामागचे कारण वेगळे असते. मुलाला जवळ घेऊन हळूच विचारावे, ‘‘हे केलं नाहीस तर काय होईल रे?’’ ओसीडीच्या मुलाच्या उत्तरात बहुधा भीती असते, किंवा ‘बरोबर झालंच नाही’ अशी टोचणी. स्वमग्न मुलाला तीच कृती पुष्कळदा आधार देते, आनंदही देते. अवधान न टिकणाऱ्या मुलाला थांबायचे नसते. त्याचे मनच दुसरीकडे गेलेले असते. वयही पाहावे. स्वमग्नतेच्या खुणा बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतात, एडीएचडीच्या बारा वर्षांच्या आत. ओसीडी पुष्कळदा दहाव्या वर्षाच्या आसपास किंवा ऐन तारुण्यात डोके वर काढतो. अर्थात एकाच मुलात दोन गोष्टी असू शकतात. स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने एकत्र करण्यास अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाने २०१३ साली मुभा दिली.

हा फरक केवळ नावांचा नाही. ओसीडीवर तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली भीतीला सामोरे जाऊन कृती रोखण्याचा सराव करवतात. जोडीला औषधेही असतात. स्वमग्न मुलाची आधार देणारी कृती अशीच रोखली, तर त्याचा आधारच हिरावला जातो. आणि अवधान न टिकणाऱ्या मुलाला कामाचे लहान तुकडे करून द्यावे लागतात, काहींना औषधही लागते. नाही तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

घरच्यांनीही एक जपावे. घरांना दारे न लावण्याच्या परंपरेसाठी प्रसिद्ध असलेले शनिशिंगणापूर आमच्यापासून फार लांब नाही. भरवसा कुलपात नसतो, मनात असतो. मंत्रचळाच्या माणसाला ‘‘कुलूप लागलंय, लागलंय’’ असे दहादा सांगितले, तर घटकाभर बरे वाटते आणि अकराव्यांदा तोच प्रश्न येतो. आई मायेनेच सांगते, पण त्याने चळ बळावतो.

आज मदतीच्या वाटा आहेत. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या-शाळांतील मुलांची तपासणी होते. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२पासून विनामूल्य आहे. अंगारे-धुपारे आणि छडी, दोन्ही बाजूला ठेवून तिथे विचारावे.

निघताना तो म्हणाला, ‘‘सर, मुलीची वही मी रोज पाहतो. अर्धवट दिसली की आधी तिच्याजवळ बसतो.’’ तीस वर्षांच्या मास्तरकीत मला जे सुचले नाही, ते माझा विद्यार्थी मला शिकवून गेला.