वकील म्हणजे त्याचा अशील नव्हे

एखाद्या वकिलाने दहशतवादाच्या आरोपीचे वकीलपत्र घेतले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूचे?" वकील मुसलमान असेल तर हा प्रश्न विचारलाही जात नाही, उत्तर आधीच ठरलेले असते. या संदर्भात लंडनचे बॅरिस्टर डेव्हिड पॅनिक यांची कारकीर्द पाहण्यासारखी आहे.

पॅनिक १९७९ मध्ये बॅरिस्टर झाले. त्यांचे मुख्य क्षेत्र सार्वजनिक कायदा, म्हणजे सरकारच्या निर्णयांना न्यायालयात आव्हान देण्याचे किंवा त्यांचा बचाव करण्याचे काम. आपल्याकडे रिट याचिकेत चालते तेच. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सरकारला संसदेच्या मंजुरीविना सुरू करता येणार नाही, हा निकाल २०१७ मध्ये जीना मिलर यांच्या बाजूने लागला. त्यांचे वकील पॅनिक होते. २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद तहकूब केली. तेव्हाही मिलर यांच्या वतीने पॅनिकच उभे राहिले आणि अकरा न्यायाधीशांनी एकमताने ती तहकुबी बेकायदा ठरवली.

पुढच्याच वर्षी त्यांनी शमीमा बेगमची बाजू मांडली. पंधराव्या वर्षी लंडनहून सीरियाला गेलेली ही मुलगी. तिचे नागरिकत्व सरकारने काढून घेतले होते. त्याविरुद्ध लढण्यासाठी तिला देशात येऊ द्यावे, हे मागणे फेब्रुवारी २०२१ मध्ये फेटाळले गेले. मँचेस्टर सिटी या धनाढ्य फुटबॉल क्लबवर युरोपीय स्पर्धांत खेळण्यास दोन वर्षांची बंदी आली होती. ती २०२० मध्ये क्रीडा लवादात उठली, तेव्हा क्लबच्या वकिलांतही पॅनिक होते. आणि २०२२ मध्ये संसदीय चौकशीला सामोरे जाणाऱ्या जॉन्सन यांच्यासाठी कायदेशीर मत लिहून दिले, तेही पॅनिक यांनीच.

मग पॅनिक कोणाचे? शमीमाचे, क्लबमालकांचे की जॉन्सनचे? इंग्लंडमध्ये हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तिथे बॅरिस्टरांना टॅक्सी स्टँडचा नियम लागू आहे. रांगेतली पहिली टॅक्सी जशी समोर येईल त्या प्रवाशाला घेते, तसे आपल्या विषयातले काम, योग्य फी आणि वेळ असेल तर बॅरिस्टरला अशील आवडत नाही म्हणून नकार देता येत नाही. हा नियम नावडत्या अशिलाला वकील मिळवून देतो आणि वकिलाला बदनामीपासून वाचवतो.

कोणी म्हणेल, श्रीमंताला वकील मिळतोच, नियम हवा कशाला? पण नियमाची खरी गरज ज्याच्याजवळ उभे राहायला कोणी तयार नाही त्याला असते.

आपल्याकडेही बार कौन्सिल ऑफ इंडियाचा असाच नियम आहे. पण जवळचे भाडे नाकारणाऱ्या रिक्षावाल्यासारखी त्याची गत झाली आहे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव वकील संघटनांनी केले. असे ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये सांगावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईतल्या कुर्ल्यात अॅडव्होकेट शाहिद आझमी यांची त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. २६/११ खटल्यात ते फहीम अन्सारी यांचा बचाव करत होते. अन्सारी पुढे निर्दोष सुटले. तो निकाल पाहायला आझमी नव्हते.

मुंबईची परंपरा अशी नव्हती. १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागणारे वकील दिनशॉ दावर होते आणि तो देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. १९०८ मध्ये दावर न्यायासनावर होते. त्यांच्यापुढे टिळकांसाठी जामीन मागायला बॅरिस्टर जिना उभे राहिले. दावरांनी जामीन नाकारला, पुढे सहा वर्षांची शिक्षाही सुनावली. ज्याची जी भूमिका, ती त्याने बजावली.

पॅनिक यांच्या कारकिर्दीतून आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट घ्यावी. सार्वजनिक कायद्याच्या गरीब अशिलाकडून वकिलाचे घर चालत नाही. करार, कंपन्या, लवाद यांचे काम हाती असेल तरच नावडती याचिका घेण्याची ऐपत राहते. आपली मुले कायद्याकडे वळली तरी फौजदारी किंवा कौटुंबिक खटल्यांतच राहतात, कारण व्यापारी कायद्याच्या चेंबरमध्ये पहिली चार-पाच वर्षे जवळजवळ फुकट काढावी लागतात. घरून पाठबळ नसलेल्या मुलाला ते परवडत नाही.

आपल्या संस्था डॉक्टर, इंजिनिअर होणाऱ्यांच्या फी भरतात. त्यांनी दरवर्षी दोन-चार तरुण वकिलांना, मुलींना आणि मुलांना, या पहिल्या वर्षांसाठी दरमहा विद्यावेतन द्यावे. अट एकच घालावी, व्यापारी कायदा नीट शिका. आणि उद्या त्यांनी आपल्याला न आवडणाऱ्या एखाद्या माणसाचे वकीलपत्र घेतले, तर आपणही त्यांना "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" असे विचारू नये.