साथीला टॉमी फ्लॅनगन

एक छोटा प्रयोग करू या. हेडफोन लावा आणि जॉन कोल्ट्रेनचं 'जायंट स्टेप्स' हे रेकॉर्डिंग लावा. पुरती पाच मिनिटंही लागणार नाहीत. सुरुवातीला कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन असा सुसाट सुटतो की आपल्यालाच धाप लागते. मग तो थांबतो आणि पियानोची पाळी येते. पियानो धावायला लागतो, चार पावलं टाकतो, अडखळतो, सावरतो, पुन्हा अडखळतो. शेवटी सुरांची माळ सोडून देतो आणि नुसते कॉर्ड वाजवत कसाबसा काठाला लागतो.

यासाठी जॅझमधलं काही कळायची गरज नाही. पेपर हातात आल्यावर जो एकदा तरी ब्लँक झालाय, त्याला हे लगेच कळतं.

रेकॉर्डिंग मे १९५९ मधलं, न्यूयॉर्कचं. पियानोवर होता २९ वर्षांचा टॉमी फ्लॅनगन. हा अल्बम पुढे जॅझच्या इतिहासातला मैलाचा दगड ठरला. म्हणजे टॉमीचं अडखळणंही कायमचं जपलं गेलं. आज कुणीही, कुठेही, फोनवर ते ऐकू शकतं. तुमची सगळ्यात वाईट तोंडी परीक्षा कुणीतरी रेकॉर्ड केली आणि साठ-पासष्ट वर्षं जगाला ऐकवत राहिलं तर? तसंच काहीसं.

बरं, टॉमी कच्चा होता का? अजिबात नाही. जन्म १९३० चा, डेट्रॉइट शहरातला. सहा भावंडांत धाकटा. आधी क्लॅरिनेट, मग पियानो. आर्ट टेटम, टेडी विल्सन, बड पॉवेल ऐकत तो मोठा झाला. मधली दोन वर्षं सैन्यात गेली. परत येऊन डेट्रॉइटच्या क्लबांमध्ये वाजवलं आणि १९५६ मध्ये त्याने न्यूयॉर्क गाठलं. आपल्या २६व्या वाढदिवशी तो माइल्स डेव्हिसबरोबर स्टुडिओत होता. त्याच वर्षी जूनमध्ये सनी रोलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस' रेकॉर्ड झाला, त्यातही पियानो टॉमीचाच. एखाद्या नव्या मुलाने मुंबईत पाय ठेवावा आणि सहा महिन्यांत इंडस्ट्रीतल्या दोन सर्वांत मोठ्या नावांबरोबर काम करावं, असं हे करिअर.

मग 'जायंट स्टेप्स'मध्ये झालं काय? कोल्ट्रेनने ही चाल अशी बांधली होती की १६ बारमध्ये २६ वेळा कॉर्ड बदलतात आणि सूर सतत तीन वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये उड्या मारतात. आपल्या भाषेत सांगायचं तर दर सेकंद-दोन सेकंदांनी गायकाने षड्ज बदलायचा, तोही द्रुत लयीत, आणि वर तान घ्यायची. कोल्ट्रेनने या रचनेचा महिनोन् महिने रियाझ केला होता. टॉमीने ती आधी पाहिली होती, पण इतक्या वेगात वाजवायची आहे याची त्याला कल्पना नव्हती, असं सांगतात.

इथे गोष्ट संपली असती तर ती एका 'फेल'ची गोष्ट झाली असती. मला सांगायचंय ते यानंतरचं.

१९६३ मध्ये टॉमी एला फिट्झगेराल्डचा पियानोवादक झाला. एला म्हणजे जॅझ गायनातलं शिखर. दोन वर्षं तिच्याबरोबर, मग काही काळ टोनी बेनेटसारख्या गायकाबरोबर, आणि १९६८ पासून पुन्हा एला. ही दुसरी खेप थेट १९७८ पर्यंत चालली. वर्षातला मोठा भाग दौऱ्यांत जायचा. या काळात, १९६० ते १९७५ अशी जवळपास १५ वर्षं, टॉमीचा स्वतःच्या नावावर एकही अल्बम आला नाही.

ऐकून काय वाटलं? 'अरेरे, टॅलेंट वाया गेलं'? आपल्या डोक्यात हाच हिशोब पक्का बसलाय. जो पुढे उभा तो कलाकार, जो बाजूला बसला तो 'साथीला'. कॉलेजच्या एकांकिकेत लीड मिळाला तर घरी फोन करून सांगतो. लाइट्स मिळाले तर म्हणतो, 'मी पण आहे, बॅकस्टेजला.' त्या वाक्यातला 'पण' जरा ऐका.

म्हणून आधी साथ म्हणजे काय ते बघू. गायिकेच्या मागे बसलेल्या पियानोवादकाला शेकडो गाणी पाठ लागतात, आणि तीही तिच्या पट्टीत. ती श्वास कुठे घेते, शब्द कुठे लांबवते, कुठला शब्द तालाच्या मागे ओढते, हे ती करायच्या अर्ध्या क्षण आधी त्याला कळावं लागतं. तिने जागा सोडली तर भरायची. तिने भरली तर आपण गप्प बसायचं. आणि हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड. बोटांत वेग असताना तो न दाखवणं म्हणजे काय, हे तबला किंवा पेटी वाजवणाऱ्या तुमच्या मित्राला विचारा. तो नीट समजावेल.

त्यात एला म्हणजे रोज नवी. ती शब्द बाजूला ठेवून निरर्थक अक्षरांवर गाणं फुलवायची, साधारण आपल्या तराण्यासारखं, पण जागच्या जागी सुचेल तसं. जुलै १९६४ मध्ये फ्रान्समधल्या ज्वॉं-ले-पॅं या समुद्रकाठच्या गावात उघड्यावर मैफल चालली होती. रातकिडे इतके किरकिरत होते की एलाने सरळ त्यांच्यावरच गाणं रचलं, स्टेजवर, त्याच क्षणी. ते रेकॉर्डिंग आजही मिळतं. त्या गाण्याला ना कागद होता ना तालीम. तरीही त्याच्या खाली जमीन आहे, कारण पियानोवर टॉमी आहे आणि सोबत बास आणि ड्रम्स सांभाळणारे दोघे आहेत.

याच्याही चार वर्षं आधी, १९६० मध्ये बर्लिनला एला 'मॅक द नाइफ' गाताना शब्दच विसरली होती. तेव्हा पियानोवर पॉल स्मिथ होता. एला थांबली नाही, मनाचे शब्द जोडत गेली, आणि मागचे वादकही दचकले नाहीत. ठेका तसाच, सूर तसेच. त्या रेकॉर्डिंगला पुढे ग्रॅमी मिळालं. एलाचं कौतुक झालंच पाहिजे. पण मागचा एकजण जरी गडबडला असता, तर ते गाणं कोसळलं असतं आणि आपल्याला कधी ऐकायलाच मिळालं नसतं.

आपल्याकडे हे नवं नाही. अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांची पेटी ऐकायला लोक कान टवकारून बसायचे. गायकाची जागा अलगद उचलून परत त्याच्या हातात ठेवणारी साथ हा मैफलीतला आनंदाचा भाग असतो, हे आपल्या आजोबांना माहीत होतं. आपण विसरलोय. आपल्या रीलमध्ये गायिकेला टॅग असतो, गाण्याला टॅग असतो, ज्या कॅफेत शूट केलं त्यालाही टॅग असतो. गिटार वाजवणारा मात्र चौकटीबाहेर कापलेला.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, हे सगळं छान, पण 'साथ द्या, साथ थोर' असं सांगणं सोपं आहे. ग्रुप प्रोजेक्टमध्ये रात्रभर जागून पीपीटी बनवणारी एकच मुलगी असते आणि प्रेझेंट करून मार्क खाणारा दुसराच. तिला काय सांगायचं, टॉमीसारखी शांत राहा?

नाही. साथ देणं वेगळं आणि राबवून घेणं वेगळं. टॉमीला त्या कामाचे पैसे मिळत होते. अल्बमवर त्याचं नाव छापलेलं असायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरची व्यक्तीही त्याला ऐकत होती. नाव, मोबदला आणि ऐकणं, या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसेल तर ती साथ नव्हे. तिथून उठून जायचा पूर्ण हक्क त्या मुलीला आहे.

टॉमीही उठलाच की. १९७८ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय ४८. दौऱ्यांचं ते आयुष्य त्याने थांबवलं, एलाचं काम सोडलं आणि स्वतःचं त्रिकूट घेऊन वाजवायला लागला. ज्या वयात आपल्याकडे 'आता काय नवीन करणार' असं म्हणतात, त्या वयात त्याने स्वतःच्या नावाने नवी सुरुवात केली. पुढची दोन दशकं तो जॅझमधल्या अव्वल त्रिकूटांचा म्होरक्या म्हणून ओळखला गेला. १९९३ मध्ये डेन्मार्कचा जॅझपार पुरस्कार मिळाला, १९९६ मध्ये अमेरिकेतला 'जॅझ मास्टर्स' हा मान. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं निधन झालं.

मला वाटतं, ती साथीची वर्षं यात वजा धरता येत नाहीत. त्याच्या नंतरच्या रेकॉर्डवर पियानो गातो. वाक्य पूर्ण करतो, श्वास घेतो, उगाच बोलत नाही. एलाच्या शेजारी बसून इतकी वर्षं ऐकलेलं त्याच्या बोटांत उतरलंय, असंच ते ऐकताना वाटतं.

म्हणून दोन साध्या मागण्या. एक, गॅदरिंगच्या पोस्टरवर, एकांकिकेच्या पत्रकावर, रीलच्या कॅप्शनमध्ये साथीदारांची नावं लिहा. 'आणि टीम' नको, नावं लिहा. दोन, तुम्ही स्वतः साथीला असाल तर पुढच्या वेळी 'मी फक्त तबल्यावर आहे' म्हणू नका. 'तबल्यावर मी आहे' म्हणा. एक शब्द कमी होतो, बाकी सगळं वाढतं.

आणि हो, तो सुरुवातीचा प्रयोग अजून अर्धाच झालाय. १९८२ मध्ये, कोल्ट्रेन जाऊन १५ वर्षं झाल्यावर, टॉमीने त्याच्या स्मरणार्थ एक अल्बम केला. बासवर जॉर्ज म्राझ, ड्रम्सवर अल फॉस्टर. अल्बमचं नाव 'जायंट स्टेप्स'. ज्या चालीने त्याला जगासमोर अडखळवलं होतं, तीच चाल २३ वर्षांनी त्याने स्वतःहून पुन्हा वाजवायला घेतली. कुणी मागितली नव्हती. न वाजवता सहज निभावलं असतं.

आधी १९५९ चं ऐका, मग लगेच १९८२ चं. दुसऱ्यात तो कुठेही अडखळत नाही.