पिवळ्या पोटाचे दोन माशीमार

ब्राझीलमध्ये भर शहरातसुद्धा विजेच्या तारेवर बसून एक पिवळ्या पोटाचा पक्षी ओरडत असतो, ‘बें-ते-वी!’ पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ, ‘तुला बरोबर पाहिलं!’ तेच त्याचं नाव पडलं. शेजारच्या अर्जेंटिनात हीच हाक ‘बिचो-फेओ’, म्हणजे ‘कुरूप किडा’, अशी ऐकू येते. इतक्या देखण्या पक्ष्याला हे नाव, याचं आम्हाला हसू येतं. इंग्रजीत तो किस्कडी, तेही हाकेवरूनच.

त्याच झाडावर उंच फांदीत दुसरा एक असतो. तेच पिवळं पोट, डोळ्यांवर तीच काळी पट्टी, भुवईची तीच पांढरी रेघ. हा नेइनेई. नाकातून काढल्यासारखा त्याचा रडका सूर ऐकला की ओळख पटते. चोचही पाहावी: किस्कडीची सरळ, नेइनेईची होडीसारखी रुंद आणि फुगीर. किस्कडीच्या पंखांवर तांबूस छटा असते, नेइनेईच्या जवळपास नसतेच. लिनियसने 1766 मध्ये या दोघांनाही खाटीक पक्ष्यांच्या गटात घातलं होतं. पुढे त्यांना माशीमारांच्या अमेरिकी घराण्यात जागा मिळाली. 400 हून अधिक जातींचं हे घराणं. आपल्या रानातले माशीमार त्यातले नव्हेत.

खरा फरक संसारात दिसतो. किस्कडी गवताकाड्यांचं छप्पर असलेलं गोल घरटं बांधतो, दार बाजूला. नेइनेईचं घरटं उघडं, उथळ वाटीसारखं. नेइनेई बहुतेक झाडाच्या शेंड्याकडेच राहतो, मोठे किडे पकडून फांदीवर आपटतो. किस्कडीला मात्र काहीही चालतं: किडे, फळं, सरडे, उथळ पाण्यातले मासे, दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लंसुद्धा.

ही त्याची भूक बर्म्युडा बेटाला महागात पडली. तिथे बाहेरून आणलेले सरडे फार वाढले होते. ते कमी व्हावेत म्हणून 1957 मध्ये त्रिनिदादहून सुमारे 200 किस्कडी आणून सोडले. सरडे काही संपले नाहीत. किस्कडी मात्र फळबागांत घुसला, स्थानिक पक्ष्यांच्या घरट्यांवर जाऊ लागला आणि बेटभर पसरला. आज तिथेही पहाटे त्याचीच हाक ऐकू येते.