लाइनवर दोन झेंडे लागतात

२५ ऑक्टोबर २०१७, बुधवार. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाची सेमीफायनल होती, स्पेन विरुद्ध माली. सामना रात्री आठचा, म्हणून आम्ही पनवेलचे सात जण ऑफिसातून परस्पर तिथे पोहोचलो होतो. उत्तरार्धात स्पेन २-० पुढे असताना मालीच्या दुकुरेने लांबून एक सणसणीत फटका मारला. चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या अंगाला आपटला, खाली आला, रेषेच्या आत टप्पा घेतला आणि बाहेर उडाला. आत म्हणजे चांगलाच आत. जपानी रेफरीने खेळ चालू ठेवला. लाइन्समनचा झेंडा खालीच राहिला. त्या स्पर्धेत ना व्हीएआर होतं, ना गोललाइनवर नजर ठेवणारी यंत्रणा. स्पेन ३-१ जिंकला आणि फायनलला कोलकात्याला गेला.

परतीच्या पनवेल लोकलमध्ये आम्ही तो गोल पुन्हा खेळलो. रेल्वे पासच्या कव्हरची कड ही गोलरेषा, पाण्याच्या बाटलीचं झाकण हा चेंडू. बेलापूरपर्यंत मी रेफरीला शिव्या घालत होतो. आमच्यातला एक जण कॉलेजात गोलकीपर होता. त्याने झाकण कडेवर ठेवून दाखवलं, की चेंडूचा जमिनीला टेकणारा ठिपका रेषेपलीकडे गेला म्हणजे गोल झाला असं नाही. चेंडूची रुंदी साधारण बावीस सेंटिमीटर. त्याची फुगीर कड रेषेच्या वर तरंगत असेल तर नियमाने गोल नाही. अख्खा चेंडू अख्खी रेषा ओलांडून गेला पाहिजे. आता दुकुरेचा चेंडू अख्खा गेला होता याबद्दल त्यालाही शंका नव्हती. त्याचा मुद्दा एवढाच, की लाइन्समन ऑफसाइडच्या रेषेत उभा राहणार की गोलरेषेवर? एकाच वेळी दोन्हीकडे कसा असेल? खारघर गेलं, मानसरोवर गेलं, कुणीतरी २०१० चा लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा न दिलेला गोल काढला, तो आत पडल्याचं जगाने पाहिलं म्हणून पुढच्या विश्वचषकात गोललाइनची यंत्रणा आली हेही निघालं. पनवेलला उतरलो तेव्हा आम्ही चार विरुद्ध तीन होतो आणि भूक लागली होती.

त्या अर्ध्या तासाच्या गाडीत एकाही तोंडून ‘सेटिंग’ हा शब्द आला नव्हता.

आता त्याच मंडळींबरोबरचा वाद दोन स्टेशनंही टिकत नाही. कुणीतरी म्हणतं, ‘सोड रे, सगळं सेटिंग आहे,’ आणि सगळे मोबाइलमध्ये तोंड घालतात. रेफरी चुकला म्हटलं, तर बोलायला खूप असतं. तो कुठे उभा होता, कोण आडवं आलं, हात अंगाला चिकटलेला होता की पसरलेला, आधी पाय लागला की आधी चेंडू. सेटिंग म्हटलं की बोलणंच खुंटतं. ज्या वादासाठी आपण फुटबॉल बघतो तो वादच गेला, तर घरी बसून फक्त स्कोअर बघितला तरी चालेल.

हा संशय हवेतून आलेला नाही, हे मान्य. क्रिकेटने २००० साली आणि पुन्हा २०१३ साली आपल्याला पोळलं. दुधाने तोंड भाजलेला ताक फुंकून पितो. आपण आता पाणीही फुंकायला लागलो आहोत. त्यात मोबाइलवर पैसे लावून सामने बघायची सवय जडली. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, पण पाचशे रुपये बुडाले की दोष रेफरीवर टाकायची सवय काही कायद्याने जात नाही.

आणि निर्णयही असे होतात की माणूस चक्रावून जावा. २० डिसेंबर २०२३ ला अंधेरीत मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान सामन्यात रेफरीने सात लाल कार्डं काढली. सात! त्या रात्री माझंही डोकं फिरलं होतं. त्याच वर्षी ३ मार्चला बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर जादा वेळेतल्या ९६व्या मिनिटाला सुनील छेत्रीने फ्री किक झटकन मारली. केरळा ब्लास्टर्सची भिंत अजून लागायची होती. रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला आणि ब्लास्टर्सचे कोच वुकोमानोविच सगळा संघ घेऊन मैदानाबाहेर निघून गेले. फ्री किक पटकन घ्यायची मुभा नियमात आहे. पण शिट्टीची वाट बघायची असं रेफरीने सांगितलेलं असेल, तर थांबावं लागतं. म्हणजे सगळा वाद त्या चार-पाच सेकंदांत कोण कुणाला काय बोललं याचा. यावर दोन प्रामाणिक माणसं रात्रभर भांडू शकतात आणि भांडावंच. संघ उचलून नेण्यात मात्र मला काही शौर्य दिसत नाही. क्लबला चार कोटींचा दंड झाला, कोचला दहा सामन्यांची बंदी.

खरी लबाडी कशी दिसते ते बघायला गोव्यात जावं लागतं. २००४ साली तिथल्या सेकंड डिव्हिजनमध्ये वरच्या लीगमध्ये चढायला गोलफरक लागणार होता. विल्रेड लेझरने दोना पावलाला ५५-१ हरवलं आणि कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लाइटनिंगला ६१-१. दुसऱ्या सामन्याचा हिशेब करा: दर दीड मिनिटाला एक गोल. गोल झाल्यावर चेंडू मध्यावर आणून ठेवायलाच जवळपास तेवढा वेळ जातो. चारही क्लबांवर वर्षाची बंदी आली. तिथे ऑफसाइडचा वाद नव्हता, पेनल्टीचा नव्हता. दोन संघांनी मिळून रेफरीसमोर खेळाचा तमाशा केला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या लीगमधला एक व्हिडिओ देशभर फिरला. अहबाब आणि रेंजर्सचा सामना, आणि शेवटच्या मिनिटांत खेळाडू आपल्याच जाळ्यात चेंडू ढकलत होते. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये सीबीआयने आय-लीगमधल्या काही क्लबांची माहिती मागवली होती, कारण सिंगापूरचा विल्सन राज पेरुमल या फिक्सरचा पैसा त्यांच्यात शिरल्याचा संशय होता. हा इसम फिनलंडमध्ये याच गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून आलेला. पैसा क्लबच्या कार्यालयातून शिरतो, पगार थकलेल्या खेळाडूच्या खिशातून शिरतो. शिट्टीतून शिरल्याची उदाहरणंही आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. जर्मनीतला रॉबर्ट हॉयझर हा रेफरी सट्टेवाल्यांसाठी सामने वळवत होता, २००५ साली त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण त्याच्याबद्दल तक्रार करायला पुढे आले ते त्याचेच सहकारी रेफरी. उद्या कुणी खराच सामना विकायला निघाला, तर तो ओळखायला मैदानात जाणते रेफरी हवेत. एरवी कायद्याचा फार आधार नाही: २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने म्हटलं की मॅच फिक्सिंग हे फसवणुकीच्या कलमात बसतच नाही.

आता आपल्या पनवेलचं सांगतो. यात मी स्वतः दोषी आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या बाजूच्या एका मैदानावर सेव्हन-अ-साइडची स्पर्धा होती. सकाळी मारलेली फक्की दुपारी दोनच्या सरीत वाहून गेली. गोलपोस्टच्या पायाशी दोन पांढरे डाग तेवढे राहिले, मधल्या रेषेच्या जागी चिखलाचं डबकं. क्वार्टर फायनलला आमच्या पोरांचा फटका गोलकीपरच्या हाताखालून गेला आणि चेंडू त्या डबक्यात रुतून बसला. आत की बाहेर? रेफरी विशीचा मुलगा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तो पंधरा-वीस पावलांवर होता. आयोजकांनी खर्च वाचवायला लाइन्समन ठेवलेच नव्हते. तो धावत आला, वाकला, दोन्ही डागांमधून एक डोळा मिटून त्याने रेषा धरून पाहिली आणि मान हलवली. गोल नाही.

मग जे सुरू झालं ते तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. बाटल्या आल्या, आई-बहीण आली. आणि बांधावरून छत्री धरून उभ्या असलेल्या पन्नाशीच्या एका गृहस्थाने ओरडून विचारलं, ‘किती घेतलेस रे?’ तो गृहस्थ म्हणजे मी.

सामने संपल्यावर चहाच्या टपरीमागे तो मुलगा बूट धूत बसला होता. शिट्टी रुमालात गुंडाळून त्याने पिशवीत ठेवली. मी सहज बोलल्यासारखं, म्हणजे माफी न मागता माफी मागायची असते तसं, काहीतरी बोललो. त्याने वर पाहिलं. ‘काका, आजचे पैसे मला अजून मिळालेच नाहीत.’ एवढंच. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. सकाळपासून त्याने पाच सामने केले होते. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर कळलं, रविवारी तो आता दुसरं काम करतो. तिथे पैसे संध्याकाळी हातात मिळतात.

चेंडू आत होता की बाहेर, हे मला आजही ठाऊक नाही. बांधावरून ते दिसणं शक्यच नव्हतं.

त्या मुलासारखे किती गेले याची कुणी नोंद ठेवत नाही, पण आयोजकांना विचारा. आजकाल सामन्याच्या आदल्या रात्री फोन फिरतात, ‘शिट्टीला कुणी आहे का?’ कुणी नसेल तर हरलेल्या संघातला एखादा उभा केला जातो, आणि मग ‘सेटिंग’ म्हणायला आपण मोकळे. कोल्हापूरचं उदाहरण समोर आहे. तिथे पेठापेठांच्या तालमींचा फुटबॉल, शाहू स्टेडियम भरून वाहतं, महाराष्ट्रात असं प्रेम दुसरीकडे नाही. तरी तिथेही हुल्लडबाजीपायी सामने थांबवायची वेळ आलेली आहे. त्यांच्याकडे मुरलेली परंपरा आहे, ती सावरून घेते. आपली महानगरपालिकाच २०१६ सालची. आपल्याकडे सावरायला काय आहे?

मैदानं तर होत आहेत. खारघरला सिडकोने फुटबॉलचं सेंटर ऑफ एक्सलन्स उभं केलं. कामोठे, कळंबोली, नवीन पनवेलमध्ये रात्री अकरापर्यंत टर्फचे दिवे चालू असतात. विश्वचषकाचे सामने आपल्याकडून सहा स्टेशनांवर झाले, आधी मुलांचे, मग २०२२ साली मुलींचे, अगदी फायनलसुद्धा. खेळणारी पोरं आहेत, बघणारे आहेत, शिट्टी मारणारा मिळत नाही. तो टिकला नाही तर वर्षभरात या रविवारच्या स्पर्धा बंद पडतील आणि मैदानांवर लग्नाचे मंडप लागतील.

म्हणून आयोजकांना हात जोडून सांगतो: ट्रॉफी एक वीत लहान आणा, डीजे नको, पण दोन लाइन्समन ठेवा आणि रेफरीचे पैसे पहिल्या शिट्टीआधी पाकिटात घालून द्या. पाऊस झाला तर मध्यंतरात पुन्हा फक्की मारा. पोतं कितीला येतं? ज्या संघाचा समर्थक रेफरीच्या अंगावर जाईल त्या संघाला बाहेर काढा, मग तो नगरसेवकाचा संघ असला तरी.

आपण बघ्यांनी भांडणं सोडावीत असं मी मुळीच म्हणत नाही. भांडा. ऑफसाइड नव्हता म्हणा, हँडबॉल होता म्हणा, त्याला दिसत नाही म्हणा. फक्त ‘किती घेतले’ हे तेव्हाच म्हणा जेव्हा दाखवायला काही असेल. आणि असेल तर बांधावर ओरडून वाया घालवू नका. तुमच्या पोराला कुणी अमुक मिनिटाला कॉर्नर दे, तमुक हाफमध्ये कार्ड घे असं सांगितलं असेल, तर तो मेसेज जपून ठेवा, जिल्हा संघटनेकडे आणि पोलिसांकडे लेखी द्या. खरा संशय कागदावर यायला हवा.

आणि तिशी उलटलेल्या, गुडघे दुखायला लागलेल्या सगळ्या माजी खेळाडूंना, आणि टर्फवर पोरांच्या बरोबरीने खेळणाऱ्या मुलींनाही सांगणं आहे: रेफरीची परीक्षा द्या. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या जिल्हा संघटनांकडे चौकशी करा. नियमांचं पुस्तक एका रविवारी वाचून होतं. त्यातल्या कितीतरी गोष्टी आपण तीस वर्षं चुकीच्या ओरडत आलो आहोत हे कळलं की हसू येतं. ऑफसाइड ठरवताना हात धरत नाहीत, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

त्या बी.कॉम.च्या मुलाचा नंबर मी शोधून काढला. तो म्हणाला, दोन्ही बाजूंना झेंडेवाले असतील तर एक रविवार येईन. येत्या स्पर्धेत एका बाजूला मी उभा राहणार आहे. दुसऱ्या बाजूला अजून कुणी नाही. सकाळी साडेसातला या, बूट आणि पाण्याची बाटली घेऊन. झेंडा मी आणतो.