महान कोण, हे ठरवणारी मोजपट्टी कोणाची?

आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता क्रिकेटच्या जोडीला एनबीएचीही चर्चा रंगते. अमेरिकेतले सामने आपल्याकडे पहाटे सुरू होतात आणि दुपारपर्यंत वाद पेटलेला असतो. वाद ठरलेलाच: सर्वकाळचा श्रेष्ठ बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स? एक गट जॉर्डनची ६ अजिंक्यपदे पुढे करतो. दुसरा सांगतो की करीम अब्दुल-जब्बार यांचा ३८,३८७ गुणांचा विक्रम लेब्रॉनने २०२३ मध्ये मोडला. वाद घालायला आमची हरकत नाही. आमचा आक्षेप मोजपट्टीला आहे.

अजिंक्यपदे हीच कसोटी असेल, तर वाद एका मिनिटात संपायला हवा. बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेल यांनी १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे जिंकली. पण त्यांचे नाव घेतले की उत्तर येते, 'तेव्हा संघच कमी होते, तो जमाना वेगळा होता.' म्हणजे जॉर्डनसाठी पदे मोजायची, लेब्रॉनसाठी गुण मोजायचे आणि रसेल आले की जमाना काढायचा! सोयीने बदलणाऱ्या कसोट्या आपल्याला नव्या नाहीत. 'मेरिट' या शब्दाचा हा खेळ आपण शाळा-कॉलेजपासून नोकरीपर्यंत पाहत आलो आहोत.

रसेल यांना मैदानाबाहेर काय सोसावे लागले, ते कोणत्याच आकडेवारीत येत नाही. १९६१ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे प्रदर्शनीय सामन्यासाठी गेले असताना हॉटेलात सेल्टिक्सच्या काळ्या खेळाडूंना खाणे नाकारले गेले. रसेल आणि त्यांचे काळे सहकारी सामना न खेळताच परतले. बॉस्टनजवळच्या त्यांच्या घरात घुसून लोकांनी नासधूस केली, बिछान्यावर विष्ठा टाकली. ज्या शहराला ते विजय मिळवून देत होते, त्याच्याच वेशीवर हे घडले. १९६६ मध्ये ते एनबीएचे पहिले काळे मुख्य प्रशिक्षक झाले आणि खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत १९६८ व १९६९ ची अजिंक्यपदे जिंकली. १९७५ मध्ये हॉल ऑफ फेमने निवड केली, तेव्हा ते सोहळ्याला गेले नाहीत. आपल्याआधी हा मान इतर काळ्या खेळाडूंना मिळायला हवा होता, ही त्यांची भूमिका होती. १९५० मध्ये लीगचे दार उघडणाऱ्या पहिल्या काळ्या खेळाडूंपैकी एक असलेल्या चक कूपर यांचा २०१९ मध्ये समावेश झाला. त्यानंतरच रसेल यांनी आपली अंगठी स्वीकारली. ४४ वर्षे थांबले! ही महानता कोणत्या तक्त्यात बसवणार?

दुसरे नाव ऑस्कर रॉबर्टसन यांचे. त्या काळी करार संपला तरी खेळाडू संघमालकाच्याच ताब्यात राही. दुसरीकडे जाण्याचा हक्क त्याला नव्हता. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष या नात्याने रॉबर्टसन यांनी १९७० मध्ये लीगवर खटला भरला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि त्या बेडीला पहिला तडा गेला. आज खेळाडूंना लीगच्या उत्पन्नातला सुमारे निम्मा वाटा मिळतो. तो मालकांनी प्रेमाने दिलेला नाही. संघटित होऊन, कोर्टात जाऊन मिळवलेला आहे.

आता प्रेक्षकांच्या नाराजीकडे येऊ. नेहमीची तक्रार अशी की आजचे खेळाडू निष्ठावान नाहीत. २०१० मध्ये लेब्रॉन क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला, तेव्हा चाहत्यांनी त्याच्या जर्सी जाळल्या आणि संघमालकाने जाहीर पत्र लिहून त्याला दगाबाज ठरवले. पळून गेलेल्या गुलामाकडे पाहावे तसा हा मालक पाहतो आहे, अशी टीका जेसी जॅक्सन यांनी केली होती. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिचला एका रात्रीत लॉस एंजेलिसला देऊन टाकले. आदल्याच वर्षी त्याने संघाला अंतिम फेरीत नेले होते. खेळाडू गेला तर गद्दारी, मालकाने विकला तर व्यवहार! लुका गोरा आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे प्रश्न रंगाचा आहेच, पण तेवढाच नाही. तो मालकीचाही आहे. डॅलसच्या प्रेक्षकांनी मात्र राग खेळाडूवर न काढता व्यवस्थापनावर काढला. राग योग्य पत्त्यावर कसा पाठवायचा, हे त्यांच्याकडून शिकावे.

दुसरी तक्रार खरी आहे. महागडे तिकीट काढून बाप पोराला घेऊन जातो आणि आवडता खेळाडू 'विश्रांती'वर असतो. त्यावर उपाय म्हणून लीगने २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट घातली. म्हणजे बोजा पुन्हा खेळाडूच्या गुडघ्यांवरच! ८२ सामन्यांचा हंगाम कमी का होत नाही, हा प्रश्न मागेच राहिला. सामने कमी झाले की तिकिटांचे आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न कमी होते. त्यात खेळाडूंचाही वाटा असल्याने त्यांची संघटनाही हा विषय जोराने लावून धरत नाही. आपल्या बाजूच्या माणसांची चूकही सांगितली पाहिजे.

'कोट्यधीश खेळाडूंचे कसले शोषण?' असे कोणी विचारेल. ते गरीब आहेत असे आम्ही म्हणतच नाही. पण मैदानावर बहुसंख्य काळे आणि मालकांच्या कक्षात जवळपास सगळे गोरे, हे चित्र पैशाने पुसले जात नाही. जॉर्डन हा लीगमधला एकमेव काळा बहुमत-मालक होता आणि २०२३ मध्ये त्यानेही तो हिस्सा विकला.

म्हणून जॉर्डनची की लेब्रॉनची, अशी आरती आम्ही ओवाळणार नाही. १९९० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात हार्वे गँट हा काळा उमेदवार वर्णवर्चस्ववादी राजकारणाचा पुरस्कर्ता जेसी हेल्म्सविरुद्ध उभा होता, तेव्हा जॉर्डनने जाहीर पाठिंबा दिला नाही. अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर बोलणारा लेब्रॉन २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांच्या प्रश्नावर मात्र कचरला. दोघेही अफाट खेळाडू, दोघेही माणसे. विभूतिपूजेपासून सावध राहा, हे बाबासाहेबांनी आपल्याला बजावले आहे. ते फक्त राजकारणापुरते नाही.

पुढच्या वेळी ग्रुपवर वाद पेटला की किती अंगठ्या, किती गुण हे जरूर विचारा. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा: या माणसाने आपल्यामागून येणाऱ्यांसाठी कोणते दार उघडले? आमच्या मोजपट्टीवर रसेल आणि रॉबर्टसन सगळ्यात वर आहेत. तुमचे मत वेगळे असेल तर जरूर मांडा, फक्त मोजपट्टी स्वतःची आणा.

जय भीम!