खापर गुडघ्यावर नको

"पन्नाशी आली, आता सायकल पुरे," असं आई म्हणाली आणि खरं सांगायचं तर मी सोडलीच होती. त्र्यंबक रोडने फेरी मारून आलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना वाटीपाशी कळ यायची. तेल झालं, शेक झाला... शेवटी एका मित्राने सायकल पाहिली आणि हसला, "गुडघा सोड रे, सीट बघ!"

आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. घोळ तिथेच. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकतो, वाटीवर दाब येतो. टाच खालच्या पेडलवर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार उंच केली तर मागून दुखतं बरं का! चढावर हलका गिअर, मिनिटाला ८०-९० फेऱ्या. सूज आली तर मात्र डॉक्टरच.

आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका', सुमारे ४,८०० किमी, जोडीने पूर्ण केली. एवढ्या अंतराला नुसती हौस पुरत नाही, सायकल अंगाच्या मापाची लागते. मग आपल्या रोजच्या दहा किलोमीटरला ती का नको?

बाबांनी गुडघ्यापायीच सायकल विकली होती. त्यांची सीट तेव्हा कुणी पाहिलीच नाही, ही रुखरुख आहे. असो. तुमची आज बघा.