तीस टक्के वेग, हातात एक टक्का

फेब्रुवारी २०२६मध्ये ‘गो’ या प्रोग्रॅमिंग लँग्वेजची १.२६ ही आवृत्ती आली. सोबतच्या नोट्समध्ये रीलवर मस्त चालेल असा एक आकडा आहे : ५१२ बाइट्सपेक्षा लहान अशा काही गोष्टींना मेमरी देण्याचा खर्च ३० टक्क्यांपर्यंत कमी झाला. लगेच पुढचं वाक्य मात्र कुणी रीलवर टाकणार नाही. भरपूर मेमरी मागणाऱ्या खऱ्याखुऱ्या प्रोग्रॅमला एकूण फायदा साधारण १ टक्का! दोन्ही आकडे खरे आहेत, आणि मधल्या फरकातच खरी गंमत आहे.

तुम्ही म्हणाल, राहुरीत बसून आपल्याला याचं काय? इथल्याच महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ नावाचं ॲप काढलंय. पिकाला पाणी कधी आणि किती द्यायचं, ते हे ॲप सांगतं. ते चालतं अँड्रॉइडवर आणि अँड्रॉइडच्या पोटात ‘आर्ट’ नावाचं रनटाइम आहे. ‘गो’सारखंच तेही गार्बेज कलेक्शनवर चालतं. तुम्ही फायनल इयरला जे ॲप कराल, तेही बहुतेक इथेच चालेल. ते वापरणाऱ्याच्या हातात भारीतला फोन असेलच असं नाही. त्यात एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्स ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. म्हणजे ‘स्लो आहे, रॅम वाढव’ हा सल्ला आता खिशाला परवडणारा राहिलेला नाही.

सी शिकताना मेमरी स्वतः मागायची आणि स्वतःच परत करायची, हे तुम्ही केलंय. जावा, कोटलिन, गो, पायथन यांत परत करायची कटकट नसते. वापर संपलेली मेमरी रनटाइम गोळा करतं. कल्पना जुनी आहे, जॉन मॅकार्थी यांनी १९६०च्या सुमारास लिस्पसाठी मांडलेली. पण चर्चा नेहमी ‘कचरा कसा उचलतात’ याचीच होते. मेमरी देतात कशी, हे कुणी विचारत नाही.

वांबोरीच्या कांदा बाजारात गेला असाल तर निवडलेला माल पाहिला असेल : मोठा, मध्यम, गोल्टी. गो मेमरीची अशीच प्रतवारी करतं. ८, १६, २४, ३२, ४८, ६४ बाइट्स असे ठरलेले साइज असतात. तुम्ही ३३ बाइट्स मागितले की ४८चा कप्पा मिळतो आणि १५ वाया जातात. हे नुकसान मुद्दाम सोसलेलं आहे, कारण रिकामा कप्पा पटकन सापडतो. आतापर्यंत प्रत्येक मागणी एकाच मोठ्या फंक्शनकडे जायची. साइज काय, आत पॉइंटर आहेत का, हे ते दर वेळी तपासायचं. समजा, बाजाराला एकच गेट आहे आणि तिथे प्रत्येक ट्रॅक्टरला थांबवून ‘माल कोणता?’ विचारतायत. पण साइज बऱ्याचदा कंपायलरला आधीच माहीत असतो! मग १.२६मध्ये त्यांनी साइजप्रमाणे वेगळी छोटी फंक्शन्स केली आणि कंपायलर थेट त्या त्या फंक्शनलाच हाक मारतो. फाइल थोडी जाड होते, तपासण्या वाचतात.

मग १ टक्काच का? साधं गणित आहे. १०० सेकंद चालणाऱ्या प्रोग्रॅमचे समजा ३-४ सेकंद मेमरी देण्यात जातात. त्यातले ३० टक्के वाचले, तर हातात येतो जेमतेम एक सेकंद. हजार सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीला तो दहा सर्व्हर वाचवून देईल, तुमच्या प्रोजेक्टला कळणारही नाही. याच आवृत्तीत ‘ग्रीन टी’ हे नवं गार्बेज कलेक्टर आपोआप चालू झालंय. त्याचा १० ते ४० टक्क्यांचा आकडाही असाच वाचायचा : ती बचत कलेक्शनच्या खर्चातली आहे, सगळ्या प्रोग्रॅमच्या वेळेतली नाही.

अँड्रॉइडने वेगळी वाट धरली. २०१७च्या अँड्रॉइड ८मध्ये कलेक्टर जिवंत ऑब्जेक्ट्स सरकवून एकत्र करू लागला, त्यामुळे मोकळी मेमरी सलग मिळते. मग शोधाशोध कशाला? वहीत पुढच्या कोऱ्या ओळीवर लिहावं तसं, बोट जिथे आहे तिथून जागा द्यायची आणि बोट पुढे सरकवायचं. शिवाय प्रत्येक थ्रेडला स्वतःची वही, म्हणजे लॉकसाठी रांग नाही. गूगलने आकडा दिला : अँड्रॉइड ७पेक्षा अलोकेशन ७० टक्के वेगवान, आणि हीप सरासरी ३२ टक्के लहान. गो ऑब्जेक्ट हलवत नाही, म्हणून त्याला कप्प्यांचा हिशेब ठेवावा लागतो. माझ्या मते फोनवर अँड्रॉइडचा ३२चा आकडा ७०पेक्षा मोलाचा आहे, पण जाहिरातीत ७०च चमकतो.

आणि इथे एक फसवा भाग आहे. मेमरी मिळणं इतकं स्वस्त झालं की आपण ती उधळायला लागतो. स्क्रीन दर सेकंदाला ६० वेळा रंगवायचा तर एका फ्रेमला १६ मिलिसेकंद मिळतात. त्या ड्रॉ फंक्शनमध्येच प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट बनवलात, तर देणं झटपट होईल, पण कचरा साचेल, कलेक्टर धावत येईल आणि स्क्रोल अडखळेल. लूपमध्ये ‘प्लस’ने स्ट्रिंग जोडत बसणं हा आपला दुसरा लाडका उद्योग. जावात त्यासाठी स्ट्रिंगबिल्डर आहे. गोमध्ये स्लाइस किती मोठी होणार हे माहीत असेल तर तेवढी क्षमता आधीच सांगा. नाहीतर ती वाढताना पुन्हा पुन्हा नवी मेमरी घेऊन जुना मजकूर कॉपी करत राहते. एका ओळीच्या अशा बदलाने अनेकदा त्या १ टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं.

खरंखोटं स्वतः बघता येतं. गोच्या बेंचमार्कमध्ये दर फेरीला किती अलोकेशन्स झाली, ते छापून येतं. १.२६ची नवी सोय बिल्ड करताना बंदही करता येते, त्यामुळे आधी आणि नंतर अशी तुलना एका तासात होईल. अँड्रॉइडसाठी स्टुडिओमधला मेमरी प्रोफायलर लावा. मात्र तो घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर लावा. लॅबमधल्या १६ जीबीच्या मशीनवर, एम्युलेटरमध्ये, सगळंच पळतं.